गावाकडचा वाडा : दुरुस्तीच्या नोंदी

24 नोव्हेंबर 2024, रविवार

शेवटी आज सुरुवात केली. सुरुवात म्हणजे टेप, वही आणि मोबाईल घेऊन घराभोवती चार चकरा मारल्या. गाव मोहोळ तालुक्यात, सोलापूरवरून पुणे हायवेनं निघायचं आणि मग आत वळायचं. घर गावठाणाच्या मधोमध, गेली अकरा वर्षं कुणी राहत नाही, तात्या आणि आई माझ्याकडं सोलापुरात असतात. यंदाच्या पावसात मागचा कोपरा ढासळला आणि घरात दोन तट पडले, धाकट्या काकांचं म्हणणं जेसीबी लावून साफ करू आणि तीन खोल्या स्लॅबच्या बांधू, तात्या काहीच बोलेनात. मी म्हटलं मला एक वर्ष द्या. तात्या म्हणाले, "एक उन्हाळा दिला. पावसाच्या आत माळवद झालं पाहिजे." माळवद म्हणजे लाकडी कड्यांवरचं मातीचं सपाट छप्पर. म्हणून ही वही.

मापं : बाहेरून 52 फूट बाय 44. पुढं ढेळज म्हणजे दारातली बसायची जागा, मग चौक, चौकाच्या तीन बाजूला सोपे म्हणजे ओसऱ्या, समोर माजघर, त्याच्या पोटात देवघर, शेजारी बळद म्हणजे धान्याचं कोठार, मागं परस आणि न्हाणी. भिंत पावणेतीन फूट जाड. खांब सागवानी, तळखड्यांवर उभे. छप्पर सगळं माळवदाचं, फक्त गोठ्यावर पत्रा.

ढासळलेल्या कोपऱ्याजवळ बराच वेळ उभी राहिले. भिंतीचं पोट मी पहिल्यांदाच बघत होते. खाली तीन फूट काळ्या दगडाचं जोतं. वर बाहेरच्या अंगाला भाजक्या विटा, पातळ, एकावर एक अशा बसवल्यात की पानं लावल्यासारख्या. आणि आतल्या अंगाला कच्च्या विटा, पांढरीच्या म्हणजे गावठाणातल्या मातीच्या, न भाजलेल्या. म्हणजे लहानपणापासून आम्ही "विटांचं घर" म्हणतोय ते खरं अर्ध्या भिंतीपुरतंच. पाऊस ज्या बाजूनं मारतो तिकडं भाजकी, जिकडं माणसं राहतात तिकडं कच्ची. जिथं खर्च गरजेचा तिथंच केलाय. मला हे लई आवडलं.

8 डिसेंबर

गवंडी मामांना घेऊन गेले. वय सत्तरच्या पुढं, चुन्यात काम केलेले आमच्या भागात आता हेच राहिलेत. त्यांनी आल्या आल्या भिंतीवर हात फिरवला आणि थेट विचारलं, "हे सिमेंट कुणी लावलं?" 2006 ला बाहेरून सगळीकडं सिमेंटचा गिलावा केला होता, घर पक्कं व्हावं म्हणून, आणि तेव्हा आम्हाला सगळ्यांना ते छान वाटलं होतं. मामांनी थापीच्या टोकानं खालचा एक पोपडा काढला तर मागं विटेचा नुसता भुगा, ओला, आणि वर पांढरी मिठासारखी बुरशी. ती बुरशी नव्हे, खार. जमिनीतली ओल भिंतीत चढते ती कायमच चढते, पूर्वी विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून ती बाहेर पडून उडून जायची. सिमेंटनं तोंड बंद केलं मग ती आतच राहिली, आत मीठ धरलं आणि त्या मिठानं वीट फोडली. कोपरा पावसानं पडला असं आम्ही धरून चाललो होतो, तो पडायची तयारी 18 वर्षं चालू होती.

ठरलं : पहिलं काम सगळं सिमेंट काढणं. छिन्नी-हातोडीनं, हळू. मशिन लावायचं नाही.

22 डिसेंबर

परसात खड्डा घेतला, आठ बाय चार, खोली तीन फूट. कळीचा चुना आणून विझवला. पाणी ओतलं की काय आवाज, काय वाफा, पाच मिनिटांत खड्डा उकळायला लागला, पोरांना लांब उभं केलं, मामांनी स्वतः डोळ्याला चष्मा लावून फावड्यानं हलवलं. आता वर चार बोटं पाणी ठेवून झाकून ठेवलाय. मामा म्हणतात जितका मुरंल तितका लोण्यासारखा हुतो, घाई करायची न्हाई. निदान दीड महिना.

देवळामागं चुन्याच्या घाण्याचं जुनं दगडी चाक पडलंय. बैल जुंपून गोल चरात हे चाक फिरवायचे आणि चुना, वाळू, विटेचा भुगा म्हणजे सुरखी एकत्र मळायचे. त्यावर बसून आम्ही लहानपणी चिंचा खायचो, ते काय आहे हे कधी विचारलं नाही. आपण मिक्सर भाड्यानं आणणार, सोय तेवढीच.

5 जानेवारी 2025

आज घराचं काम नाही, तेरला जाऊन आले, धाराशिव जिल्ह्यात, आपल्याला बार्शीवरून जवळ. पिशवीत आपल्या घराची एक वीट घेऊन गेले, आई म्हणाली वेड लागलंय तुला. पण जायचंच होतं. आमच्या भागात काळा दगड एवढा असताना कुणी विटेच्या नादी का लागलं असेल हा प्रश्न डोक्यात होता आणि तेर म्हणजे विटेचं माहेर. ग्रीक खलाशांच्या नोंदीत ज्याला तगर म्हटलंय ते हेच गाव. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं, मागची बाजू अर्धगोल, मुळात बौद्ध चैत्यगृह असावं असं अभ्यासक मानतात, महाराष्ट्रात उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या बांधकामांत ते धरतात. विटा केवढ्या मोठ्या! आपल्या विटेच्या दुपटी-तिपटीच्या. तिथल्या काही विटा पाण्यावर तरंगतात म्हणून प्रसिद्ध आहेत, मातीत भाताचं तूस घालून भाजलं की तूस जळून जातं आणि आत बारीक पोकळ्या राहतात. आणि गाव गोरा कुंभारांचं. समाधीपाशी बसले थोडा वेळ. माती तुडवणाऱ्या माणसाचं गाव आणि विटेचं देऊळ एकाच जागी, आणि इकडं पंढरपुरात आपला देवच विटेवर उभा. आपल्या भागाचं विटेशी जुनं आहे.

घरी आल्यावर आपलीही वीट बादलीत टाकली. तरंगली नाही, सरळ तळाला गेली, पण कितीतरी वेळ बुडबुडे सोडत राहिली.

6 जानेवारी

विटेचं वजन केलं. कोरडी 1 किलो 960 ग्रॅम, 24 तास पाण्यात ठेवून 2 किलो 340. म्हणजे 19 टक्क्यांच्या वर थोडं पाणी प्यायली. आजच्या साध्या विटेला मानकात 20 टक्क्यांची मर्यादा आहे. माप साडेनऊ इंच बाय साडेचार, जाडी पावणेदोन. जाडी कमी असल्यानं आतपर्यंत सारखी भाजलीय, फोडून बघितली तर मधे काळा गाभा नाही, कडेपासून कडेपर्यंत एकच रंग.

एका अंगाला तीन चर आहेत, बोटांनी ओढलेले. सगळ्या विटांना. चुना धरावा म्हणून असणार.

26 जानेवारी

संक्रांत आणि सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेमुळं मधे दोन आठवडे कामाला कुणीच नव्हतं, ते सोलापूर जिल्ह्यात धरूनच चालायचं. आता उत्तरेची भिंत पूर्ण उघडी झाली. सिमेंटखाली काय काय निघालं : खिडकीवर विटांची महिरप, वर विटांचीच तिरकी करून लावलेली कंगणी म्हणजे पुढं आलेली पट्टी, आणि दोन बंद केलेले झरोके. एवढी नक्षी होती हे तात्यांनाही आठवत नव्हतं, तेही बघत राहिले. झरोके माजघरात उघडतात, मोकळे केल्याबरोबर आत वारा आला, अक्षरशः कुणी दार उघडल्यासारखा.

कोपऱ्यातल्या भिंतीत लांब दगड आडवे घातलेत, बाहेरची वीट आणि आतली कच्ची वीट दोन्हीला धरून ठेवणारे, दर चार फुटांवर. ओळखीच्या इंजिनिअर मॅडम सोलापुरातून आल्या होत्या त्या म्हणाल्या हेच सगळ्यात महत्त्वाचं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात माणसं दबून गेली ती जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या होत्या, आतला आणि बाहेरचा थर जोडणारे दगड नव्हते आणि वर माळवदाचं भयंकर वजन. थर फुटून भिंती सुटल्या. आमच्याकडं त्या पहाटे घर नुसतं हललं. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जनावरून येऊन लोक नुकतेच झोपलेले. तात्या मला उचलून चौकात आले होते, मी सहा वर्षांची, मला फक्त भांडी वाजलेली आठवतात. त्यानंतर गावात माळवदाची भीती बसली, ज्याला जमलं त्यानं माळवद उतरवून पत्रे घातले आणि मे महिन्यात त्या पत्र्याखाली भाजत राहिले. भीती खोटी नव्हती. म्हणून आपण जे करणार ते मॅडमना दाखवूनच करणार.

9 फेब्रुवारी

चुना निघाला. खरंच लोणी. एक भाग चुना, दीड भाग वाळू, एक भाग सुरखी, पाण्यात गूळ आणि बेलफळाचा गर भिजवलेला. ढासळलेल्या कोपऱ्याचं काम सुरू. जुन्या विटा धुवून निवडल्या, तीन भागांतल्या दोन भाग परत वापरता आल्या, उरलेल्यांचा प्रश्न आहे, एवढी पातळ वीट आता भट्टीवर मिळत नाही.

16 फेब्रुवारी

विटेच्या चौकशीला कुंभारवाड्यात गेले. तिथल्या आज्जी नव्वदीच्या असतील, डोळ्यानं कमी दिसतं. मी वीट हातात दिली. त्यांनी ती उलटी केली, चाचपली, आणि ते तीन चर सापडल्यावर आपली बोटं एकेक करून त्यात बसवली. बसली. अगदी बरोबर बसली. मग म्हणाल्या, "बाईमाणसाची बोटं हायती ही. गडीमाणसाची रुंद असत्यात, बसली नसती."

मी गप्पच झाले. इतके दिवस विटा मोजतेय, वजन करतेय, पण हे डोक्यात आलं नव्हतं. आज्जी सांगत होत्या, माती गडी खणायचे, तुडवायचं काम सगळ्यांचं, आणि साच्यात घालून थापायचं बायकांचं. मातीत राख, घोड्यागाढवाची लीद, जोंधळ्याचा भुसा. वाळल्या की रचायच्या, मधे तुराट्या, गोवऱ्या, बाभळीची लाकडं, वरनं मातीनं लिंपायचं आणि आठ-धा दिवस जळू द्यायचं. मी विचारलं, आज्जी ह्या विटा कुठनं आणल्या असतील, मोहोळहून का सोलापूरहून? तर म्हणाल्या, "आणायच्या कशाला? तुमच्या आव्याच्या रानात भाजल्या की."

आमचं ओढ्याकाठचं एक रान आहे, सव्वा एकर, त्याला घरात सगळे "अव्वाचं" म्हणतात. आम्हाला वाटायचं कुणी अव्वा असेल घरात पूर्वी, आमच्याकडं कानडी बोलणारी माणसं पुष्कळ, अव्वा म्हणजे आई किंवा आजी, तिच्या नावावर असेल रान. तात्यांनी मला तशी गोष्टसुद्धा सांगितलीय. अव्वाचं नव्हे, आव्याचं. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर, त्यामुळं शब्द फक्त तोंडातोंडी राहिला आणि घासून घासून आजी झाला.

आणि ते रान मधे खोलगट आहे! दर पावसाळ्यात पाणी धरतं, ज्वारी पिवळी पडते, आजोबा आयुष्यभर त्यावर करवादायचे की हे रान कुणी असं बिघडवलं. काळ्या मातीची वीट वाळताना तडकते, पोयटा लागतो, आणि पोयटा तिथंच ओढ्याकाठी. आमच्या घराच्या भिंती म्हणजे त्या रानातला खड्डा.

घरी येऊन तात्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले उद्या मला रानात घेऊन चल.

17 फेब्रुवारी

रजा टाकली. बांधाच्या कडेला, बाभळीखाली, तात्यांनी काठीनं उकरलं. अर्ध्या फुटाखाली लाल-काळी माती, जळकी, आणि विटांचे वितळून एकमेकांना चिकटलेले गठ्ठे. एक गठ्ठा घरी आणलाय, देवळीत ठेवलाय.

2 मार्च

घर नक्की कधीचं, ह्याचा एक कागद मिळाला. आमच्या नाही, शेजाऱ्यांच्या ट्रंकेत. मोडी लिपीत आहे, सोलापुरात एका जाणकारांकडून वाचून घेतला. त्यांच्या जागेची खरेदी, शके 1809, म्हणजे 1887, आणि चतुःसीमेत पश्चिमेला आमच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव आणि पुढं "विटबंदी घर". बास, एवढेच दोन शब्द आमच्या घराबद्दल. म्हणजे 1887 ला घर उभं होतं. घरात सांगतात की मोठ्या दुष्काळात बांधलं, माणसांना काम आणि धान्य मिळावं म्हणून, मोठा दुष्काळ म्हणजे 1876 ते 78 चा, सोलापूर जिल्ह्यानं तो फार वाईट भोगला. जुळतंय. बळदात जोंधळा होता म्हणून घर झालं असं आजी म्हणायची. ज्यांनी थापल्या त्यांना शेरभर जोंधळ्याला किती विटा थापाव्या लागल्या असतील हे आता मनातून जात नाही.

गोठा मात्र नंतरचा. त्याच्या दारावर तुळईऐवजी रेल्वेचा जुना रूळ आहे. रेल्वे सोलापूरला 1860 ला आली, आणि रूळ झिजून, बदलून, विकायला निघेपर्यंत पुढं बरीच वर्षं जाणार. मूळ घरात लोखंड म्हणजे फक्त दारांचे चौकोनी, हातानं घडवलेले खिळे.

16 मार्च

वाईट आठवडा. पूर्वेच्या भिंतीचा चुन्याचा गिलावा तडकला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. ऊन 39, कोरडा वारा, आणि हाताखालचा पोरगा सिमेंटच्या सवयीनं दोन दिवस पाणी मारून मोकळा झाला. चुना सिमेंटसारखा पाण्यानं आवळत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो, त्यासाठी ओलसर राहावा लागतो आणि आठवडेच्या आठवडे लागतात. सगळा काढला. परत लावून आता पोती भिजवून टांगलीत. खर्च दुप्पट. पोराला रागावले त्याचं वाईट वाटलं, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आता तोच दिवसातून चार वेळा पोती भिजवतोय.

13 एप्रिल

माळवद उघडलं. सोप्यावर कडेनं कापून बघितलं तर मातीची जाडी दीड फूट! मुळात आठ-नऊ इंच असणार. दर उन्हाळ्यात वर पांढरी टाकायची चाल, थरावर थर, कापल्यावर पट्टे मोजता येतात. सोपा 10 बाय 20, जास्तीची माती पाऊण फूट धरली तरी दीडशे घनफूट, म्हणजे सात टन. सात टन माती नुसती खांबांच्या डोक्यावर! मॅडमनी आकडा ऐकून आधी ती उतरवा मगच आत पाय ठेवा म्हणून सांगितलं.

मधल्या एका थरात प्लास्टिकचा कागद निघाला. 93 नंतर गळायला लागलं तेव्हा तात्यांनी घातलेला. त्या कागदाखालीच दोन कड्या कुजल्यात, बाकी सगळ्या कडुलिंबाच्या कड्या ठणठणीत. तात्या कागद हातात धरून उभे होते. मी म्हटलं तात्या, त्यावेळी सगळ्यांनीच घातले.

4 मे

बाहेर 42, माजघरात 33. दुपारी दोन वाजता मोजलं. पंखा नाही.

नव्या दोन कड्या, त्यांवर लाकडाच्या चिपांची किलचण, वर तरवडाच्या फांद्या आणि पाला, मग चिखलाचा थर, मग पांढरी. माती आपलीच, उतरवलेली चाळून परत. पांढरीची माती खारवट, चिकट, पाणी पडलं की फुगून तिचं तिलाच कुलूप लागतं, काळी माती घातली तर भेगाळून गळेल. म्हणून तर गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. जाडी नऊ इंच, चोपून. एक इंच जास्त होऊ द्यायची नाही. उतार चौकाकडं, पन्हाळ दगडीच ठेवली.

21 मे

पाऊस. मे महिन्यात! माळवदाचा निम्मा भाग चोपायचा राहिलेला. रात्री साडेनऊला गावातनं फोन आला, तोवर गवंडी मामा, तो पोरगा आणि शेजारची चार माणसं ताडपत्र्या घेऊन वर चढलेली. आम्ही पोचेपर्यंत झाकून झालं होतं. कोपऱ्यातली थोडी माती वाहून गेली. मामा नखशिखांत भिजलेले, या वयात, मी काय बोलणार.

8 जून

माळवद पूर्ण. ह्या वर्षी पाऊस फार लवकर आला त्यामुळं उघडीप बघून बघून काम केलं. सवणं म्हणजे माळवदातलं उजेडाचं भोक तसंच ठेवलंय, वर काच बसवून. त्यातनं उजेडाचा एक गोल बारा वाजता बरोबर देवघराच्या उंबऱ्यावर येतो. काका पुण्याहून आले होते. त्यांनी जेसीबीचं नाव काढलं नाही. संध्याकाळी ओसरीवर उघड्या अंगानं झोपून टाकलं.

कमी पडलेल्या विटांच्या जागी आत्ता नव्या जाड विटा अर्ध्या कापून लावल्यात, वेगळ्या दिसतात, दिसू देत. पुढच्या उन्हाळ्यात आव्याच्या रानात छोटी भट्टी लावून दोनशे विटा करून बघायच्या, कुंभार आज्जींच्या नातवाशी बोलून ठेवलंय.

25 सप्टेंबर

सीना नदीला असा पूर तात्यांनी जन्मात बघितला नाही. लांबोटीजवळ पाण्यामुळं पुणे हायवे बंद, माढा, मोहोळ सगळीकडं नदीकाठची गावं पाण्यात. आमचं गाव नदीपासून आत म्हणून वाचलं, पण पाऊस आठवडाभर. आम्ही घटस्थापनेला गावी आलेलो ते इथंच अडकलो. ओढ्यापलीकडच्या तीन घरांतली माणसं ढेळजेत आणि सोप्यावर झोपतायत, एकूण सतरा जण आहोत, आई दोन वेळा भाकरी करतेय.

माळवद एकाच जागी गळलं, पन्हाळीच्या मुळाशी, टोपलं ठेवलंय. माजघर कोरडं. कोपऱ्याची नवी भिंत मी रोज हात लावून बघते, ओल जोत्याच्या वर हातभर आलीय, त्याच्या वर नाही.

घटाची माती ह्या वेळी तात्यांनी आव्याच्या रानातनं आणली होती, पूर यायच्या आदल्या दिवशी. रान आता कमरेएवढ्या पाण्यात आहे. घटातलं धान बोटभर वर आलंय.